मापं कोणी घेतली होती?

सप्टेंबर २०२४. सोमवारचा परिपाठ. प्रार्थनेला सगळी मुलं डोळे मिटून, हात जोडून उभी होती. दुसरीतल्या एकाचा फक्त उजवा हात छातीशी होता, डावा कमरेला. जवळ गेल्यावर कळलं. नवी चड्डी कमरेत इतकी ढगळ होती, की डावा हात सोडला की ती खाली येणार. त्याच्या पुढच्या रांगेतल्या मुलीचा फ्रॉक काखेत इतका दाटत होता, की कवायतीला तिचा हात खांद्याच्या वर जाईना. दोघांच्याही अंगावर एकाच गठ्ठ्यातून निघालेले, एकाच रंगाचे कोरे कपडे. आणि दोघांच्याही नावापुढे 'गणवेश प्राप्त' अशी नोंद करून मी सही केलेली.

मी अहिल्यानगर आणि बीड जिल्ह्यांच्या शिवेवर, जिल्हा परिषदेच्या एका दोनशिक्षकी शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, त्या वर्षीचा पट ४३. मुख्याध्यापकाचा प्रभारही माझ्याकडेच, त्यामुळे गणवेशाचा कागद फिरत फिरत शेवटी माझ्या टेबलावर येतो. शाळांऐवजी राज्यानेच सगळीकडे एकसारखे गणवेश घेऊन द्यायची 'एक राज्य, एक गणवेश' ही योजना मे २०२३ मध्ये जाहीर झाली, २०२४-२५ मध्ये शाळांपर्यंत पोचली आणि २० डिसेंबर २०२४ च्या शासन निर्णयाने खरेदी पुन्हा शाळांकडे गेली. वर्तमानपत्रांत यावर पुष्कळ छापून आलं, पण ते बहुतेक ठेक्यावर, रंगावर आणि मंत्र्यांवर. एका लहान शाळेत ते वर्ष कसं गेलं, हे कुठेतरी नीट लिहून ठेवावं असं वाटलं.

यादी वाचण्याचा दिवस

आधी काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर योजनेवर अन्याय होईल.

केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतून पहिली ते आठवीच्या मुलांना वर्षाला दोन गणवेश मिळतात. त्यासाठी मुलामागे ६०० रुपये, म्हणजे एका गणवेशाला ३००. त्याआधी सर्व शिक्षा अभियानाच्या काळात दोन गणवेशांना ४०० होते. पण हे पैसे सगळ्यांसाठी नव्हते. सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुलं आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतली मुलं एवढ्यांनाच ते लागू होते. बाकीची मुलं यादीबाहेर.

कागदावर हे वाचायला ठीक वाटतं. वर्गात उभं राहून ही यादी वाचणं फार अवघड होतं. आमच्याकडे 'दारिद्र्यरेषेच्या वर' म्हणजे दोन एकर कोरडवाहू जमीन आणि २००२ च्या सर्वेक्षणात राहून गेलेलं नाव. त्या घरचा मुलगा बाकावरून उठून विचारायचा, "मॅडम, माझा कुठाय?" त्याला मी काय सांगायचं? तुझ्या आजोबांचं नाव यादीत नाही? शेजारच्याची जात वेगळी आहे म्हणून त्याला मिळालाय? सहा-सात वर्षांच्या मुलाला जातीची पहिली जाणीव शाळेने करून द्यावी, आणि तीही नव्या कपड्याच्या निमित्ताने, हे मला आजही सहन होत नाही. आम्ही शिक्षक खिशातून घालायचो, गावातून वर्गणी काढायचो. काही जिल्हा परिषदा स्वतःच्या निधीतून ही भर घालत. तरीही कुणीतरी उरायचंच.

२०२३ मध्ये राज्याने या उरलेल्या मुलांनाही गणवेश द्यायचं ठरवलं, आणि सगळ्यांनाच बूट-मोजेही. ते मोठं काम झालं. पुढे जे घडलं त्यावर टीका करताना हे मी विसरत नाही, आणि कुणी विसरू नये.

दुसरी आठवण बँकेची. २०१७-१८ च्या सुमारास गणवेशाचे पैसे मुलाच्या खात्यावर थेट जमा करायचं ठरलं. मुलाचं आणि आईचं संयुक्त खातं काढा, आधी कपडे घ्या, पावती शाळेत द्या, मग ४०० रुपये जमा होतील, अशी ती रीत. बाजारगावातली बँक आमच्या वस्तीपासून चौदा किलोमीटर. खातं उघडायला आईचा एक रोज बुडायचा, कागद अपुरा पडला की दुसरा. चारशे रुपये मिळवायला तेवढीच मजुरी जायची. त्या वर्षी माझ्या वर्गातली अर्धी मुलं जुन्याच कपड्यांत होती. मग तो निर्णय फिरला आणि पैसे पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आले.

ही समिती म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नेमलेली. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. आमच्या समितीत बोलतात त्याही बायकाच. रंग त्या ठरवायच्या, दुकान त्या ठरवायच्या. बाजारगावातला दुकानदार तयार माल दाखवायचा, तो बहुतेक सोलापूरचा असे. नाहीतर कापड घेऊन गावातच शिवायला टाकायचं.

समित्यांचा कारभार सगळीकडे सोवळा होता, असं मी म्हणणार नाही. अध्यक्षाच्या पाहुण्याच्या दुकानातूनच घ्या, असा आग्रह झालेला मी पाहिलाय. एका वर्षी आमच्याकडेच कापड असं निघालं, की दोन धुण्यांत त्यावर गोळे आले. पैसे उशिरा यायचे, मग मुख्याध्यापकाने उधारीवर माल उचलायचा आणि दिवाळीपर्यंत दुकानदाराला तोंड चुकवत फिरायचं. सगळ्या राज्याचं कापड एकदम घेतलं तर स्वस्त पडेल, दर्जा एकसारखा राहील आणि मधली गळती थांबेल, हे सरकारचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं.

गठ्ठा आला तेव्हा

पहिल्या वर्षी, २०२३ मध्ये, समित्यांनी आधीच खरेदी केलेली असल्यामुळे तीन दिवस शाळेचा आणि तीन दिवस राज्याचा गणवेश अशी तडजोड सांगितली गेली. खरी अंमलबजावणी पुढच्या वर्षीची. १० जून २०२४ चा शासन निर्णय आला तेव्हा शाळा उघडायला पाच दिवस उरले होते. त्याप्रमाणे एक नियमित गणवेश, आकाशी आणि गडद निळा. त्याचं कापड यंत्रावर कापून महिला बचतगटांकडून शिवून येणार. दुसरा स्काऊट-गाईडचा. त्याचं फक्त कापड येणार, शिवून घ्यायचं शाळेने. चाळीस लाखांहून जास्त मुलांचे कपडे, आणि ते पोचवणारी यंत्रणा नवीकोरी.

आमच्याकडून वर जी माहिती गेली ती अशी: पहिलीत मुलं इतकी, मुली इतक्या, दुसरीत इतकी. इयत्ता आणि संख्या. उंची नाही, छाती नाही, कंबर नाही.

सगळी गोम इथे आहे. इयत्तेवरून माप काढता येईल, हे शहरातल्या शाळेत कदाचित बऱ्यापैकी जमेल. आमच्या दुसरीच्या वर्गात त्या वर्षी एक मुलगा साडेसहा वर्षांचा होता आणि एक मुलगी जवळपास नऊची. ती दोन हंगाम ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापाबरोबर साखर कारखान्याच्या तळावर राहून आलेली, त्यामुळे मागे पडलेली. दोघांची इयत्ता एक, म्हणून दोघांचं माप एक. तो कमर धरून उभा राहिलेला मुलगा आणि ती हात वर न जाणारी मुलगी, ती हीच दोघं.

बायकांनी शिवलेलं वाईट होतं असं नाही. टीप सरळ होती, काज-बटणं धड होती. पण त्यांच्या हातात आलेलं कापड आधीच कापलेलं. तेही खर्चाचा हिशोब करून, म्हणजे शिवणीत अर्धा इंचसुद्धा फालतू नाही. गावचा शिंपी काय करतो? पोराच्या चड्डीच्या आतून दोन बोटं कापड दुमडून ठेवतो. फ्रॉकच्या बगलेत माया सोडतो. पोर वाढतं, आई पुढच्या वर्षी टीप उसवते आणि तोच कपडा आणखी एक वर्ष निघतो. आमच्या मुलांचे कपडे असे दोन-दोन वर्षं चालतात, मग धाकट्याच्या अंगावर जातात. गठ्ठ्यातले कपडे मी उलटे करून पाहिले. आत सोडलेलं काहीच नव्हतं. मोठा असेल तर आवळता येईल, लहान असेल तर काही इलाज नाही.

४३ मुलांपैकी १६ जणांना तो कपडा जसाच्या तसा घालता आला. आठ-दहा जणांचा आपसात बदलून दिला. बाकीच्यांचं काय करायचं, हे विचारायला जागाच नव्हती. पूर्वी दुकानदाराकडे गठ्ठा उलटा नेऊन टाकायचो, "दादा, हे चार बदलून द्या" म्हणायचो आणि तो कुरकुरत का होईना बदलून द्यायचा. आता कुणाला म्हणायचं? केंद्रप्रमुख म्हणाले वर कळवतो. गटसाधन केंद्रात सांगितलं तर तिथे आधीच दहा शाळांच्या तक्रारी. राज्यभरातून अशाच बातम्या येत होत्या: स्वातंत्र्यदिन उलटला तरी कित्येक शाळांत गणवेश नाही, आला तिथे मापाचा नाही.

एकशे दहा रुपये

स्काऊटच्या कापडाचं दुखणं वेगळं. शिलाईला मुलामागे १०० रुपये आणि वरखर्चाला १०, असे ११० मंजूर होते. आमच्या पटाला ४,७३० रुपये.

मी बाजारगावातल्या तीन शिंप्यांकडे गेले. पहिल्याने हात जोडले. दुसऱ्याने कापड हातात घेऊन नीट समजावून सांगितलं, ते मला फार पटलं. "मॅडम, साधा शर्ट असता तर गावची पोरं म्हणून कायतरी केलं असतं. ह्याला दोन खिसे, खिशाला झाकणं, खांद्यावर पट्ट्या. एका शर्टात दीड शर्टाचं काम हाये. वर चड्डी. दोरा, बटणं, लाइट बिल माझंच. शंभरात माझ्या कारागिराचा चहा निघंल." तिसऱ्याने मुलामागे २५० सांगितले.

पहिलीतल्या लेकराला खांद्यावर पट्टी कशासाठी, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. त्याला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही. स्काऊट-गाईड ही चांगली चळवळ आहे, पण ज्या शाळेत तिचं पथकच नाही तिथे नुसता पोशाख देऊन काय साधायचं होतं?

कापड कपाटात राहिलं. शेवटी वस्तीवरच्या एका आईने ते अंगावर घेतलं. तिच्याकडे पायाचं मशीन आहे, लग्नसराईत ब्लाउज शिवते. समितीने तिला १५० कबूल केले. वरचे रुपये वर्गणीतून. ती दोन दुपारी शाळेच्या ओट्यावर येऊन बसली आणि एकेका मुलाला समोर उभं करून तिने टेपने मापं घेतली. मुलं रांगेत, हसत, पोट आत घेत. माझ्या एका जुन्या हजेरीवहीच्या कोऱ्या पानांवर तिने नावं लिहिली, पुढे उंची, छाती, कंबर. चड्डीला तिने सगळ्यांना इलॅस्टिक घातलं आणि आतून दोन बोटं दुमड सोडली. दुसरीतल्या त्या मुलाची आकाशी गणवेशाची चड्डीही तिनेच घरी नेऊन कमरेत आवळून दिली, फुकट.

पण हे सगळं होईपर्यंत दिवाळी आली होती. दिवाळी आली की आमची वस्ती रिकामी व्हायला लागते. मुकादमाच्या गाड्या येतात, ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही मुलं हंगामी वसतिगृहाच्या आधारावर गावातच आजीपाशी राहतात, काही आईबापाबरोबर जातात. त्या वर्षी अकरा गेली. ज्या दिवशी पहिला शिवलेला गठ्ठा माझ्या हातात आला, त्याच्या चार दिवस आधी. मी प्रत्येकाच्या कपड्याला नावाची चिठ्ठी टाचून कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवले. ती मुलं मार्च-एप्रिलमध्ये परत आली, तेव्हा वर्ष संपत आलं होतं आणि तिसरीतल्या दोन मुलींना ते कपडे आखूड होत होते.

राज्याच्या कुठल्याही वेळापत्रकात ऊसतोडीची तारीख नसते. समितीतल्या बायकांच्या डोक्यात ती असतेच, कारण त्यातल्या चारजणी स्वतः कोयता घेऊन जातात.

गणवेश हवाच का?

माझी पुण्यातली एक मैत्रीण म्हणते, मुलांना एका साच्यात घालणंच चूक आहे. ज्याला जे आवडतं ते त्याने घालावं. तिच्या मुलीच्या शाळेत ते शोभतंही. माझा अनुभव उलटा आहे. आमच्याकडे कधी 'रंगीत कपड्यांचा दिवस' ठेवला, की हजेरीवहीत त्या दिवशी ठरावीक नावांपुढे 'गैरहजर' येतं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर पोट दुखत होतं म्हणतात. मी तो दिवसच बंद केला. कित्येक घरांत वर्षातले नवे कपडे म्हणजे शाळेचे कपडे. लग्नालाही मुलं तेच घालून जातात, आणि ताठ मानेने जातात.

पण मुलावर त्याची सक्ती मला मान्य नाही. गणवेश नाही म्हणून बाहेर उभं करणं, परिपाठात नाव घेऊन विचारणं हा मानसिक त्रास आहे, आणि तो शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने निषिद्ध आहे. काही शाळांत तो आजही दिला जातो. गणवेश द्यायचं बंधन सरकारवर आहे. ते पुरं झालं नाही तर त्याची शिक्षा सात वर्षांच्या मुलाला कशी देणार?

मोठ्या पातळीवर हे काम होतच नाही, असंही नाही. तमिळनाडूत सरकारी शाळांतल्या मुलांना वर्षाला चार जोड मिळतात आणि ते महिलांच्या शिवणकाम सहकारी संस्था शिवतात. ती घडी बसायला कित्येक वर्षं लागलेली आहेत. केरळने २०१७ पासून हातमागाचं कापड गणवेशासाठी वापरायला सुरुवात केली, त्यात विणकरांनाही काम मिळालं. आपल्याकडे बचतगटांच्या बायकांना काम देण्याचा हेतू तसाच चांगला होता. तो पाच दिवसांच्या सूचनेवर आणि इयत्तेच्या मापावर उभा केला, म्हणून कोसळला. बायकांच्या हातात सबंध तागा दिला असता आणि शाळाशाळांत जाऊन मापं घ्यायला सांगितलं असतं, तर मी आज वेगळं लिहिलं असतं.

आणि पैसा. २०१८ मध्ये ठरलेले एका गणवेशाचे ३०० रुपये २०२४ मध्येही ३००च होते. मधल्या काळात सुताचा, दोऱ्याचा, विजेचा दर काय झाला हे कुणाला सांगायला नको. खरेदी मुंबईतून करा नाहीतर वस्तीवरून, ३०० रुपयांत शर्ट-पँट बसवायची तर कुठेतरी कात्री लागणारच: कापडाला, शिलाईला, नाहीतर दुमडीला. या आकड्यावर विधिमंडळात जेवढं बोलायला हवं होतं तेवढं कुणी बोललं नाही, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

जून २०२५

निर्णय फिरल्यावर समितीची पहिली बैठक आम्ही मे महिन्याच्या अखेरीस घेतली, टोळ्या गावात असताना. रंगाचा विषय निघाला. एका वडिलांना पांढरा शर्ट आणि टाय हवी होती, तालुक्याच्या इंग्रजी शाळेसारखी. त्यांची इच्छा मला कळत होती. आपलं मूल कुठे कमी दिसू नये एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण एक आई उठली. "भाऊ, टँकर आठ दिवसांनी येतो. पांढरं धुवायचं कशानं? डाग पडला की पोरगी शाळेत जायची नाही." चर्चा तिथेच मिटली. गडद रेघांचा शर्ट ठरला, माती लागली तरी न दिसणारा.

शेजारच्या दोन शाळांना बरोबर घेऊन आम्ही कापड एकत्र घेतलं, त्यामुळे भाव थोडा उतरला. पैसे उशिरा आले, पहिला गठ्ठा उधारीवरच उचलला. ती अडचण सुटलेली नाही. शिवणार तीच आई. तिने ती जुनी हजेरीवही मागून घेतली, मुलांना पुन्हा ओट्यावर उभं केलं आणि गेल्या वर्षीच्या आकड्यांसमोर नवे आकडे लिहिले. कुणी दोन इंच वाढलेलं, कुणी तीन. दुसरीतला तो मुलगा, आता तिसरीतला, टेप कमरेला लागताच गुदगुल्या होऊन इतका हसला, की तिला माप दोनदा घ्यावं लागलं.

वही माझ्याकडे कपाटात आहे. त्यात अकरा नावांपुढे तिने कंसात 'चार बोटं' असं लिहिलंय. ती कारखान्यावर जाणारी मुलं. मी विचारलं तर म्हणाली, "परत येत्यात तवा लई वाढलेली असत्यात, मॅडम. त्यांना दुमड जास्त सोडते."